आदिलाबादकरांनी शिडाची होडी कशी निवडावी

शिडाची होडी घ्यावी हा विचार आदिलाबादच्या माणसाच्या डोक्यात कापसाचे पैसे हाती आल्यावर येतो आणि मे महिन्यातली पैनगंगा पाहिल्यावर जातो. ज्यांचा गेला नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

जुनी आणि लहान घ्यावी की नवी आणि मोठी, हे सगळे आधी विचारतात. आधी पाण्याचे विचारावे. ऑक्टोबर २०१६ पर्यंत आपली परिस्थिती बरी होती. त्या महिन्यात जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. गोदावरी निर्मल आणि मंचेरियालकडे गेली, कडेमचे धरणही निर्मलने नेले. आपल्या वाट्याला पैनगंगा, सातनाला आणि मत्तडीवागूची धरणे आणि कुंटालाचा धबधबा उरला. धबधबा सुमारे ४५ मीटर उंच असल्यामुळे तिथे कोणतीही होडी एकदाच चालवता येते.

राहता राहिली पैनगंगा. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. होडी नागमोडी न्यावी लागते, एकदा या तीराकडे, एकदा त्या. पैनगंगेत याचा अर्थ एक वळण तेलंगणात आणि दुसरे यवतमाळ जिल्ह्यात. लहान होडी चटकन वळते. चाळीस फुटी वळेपर्यंत तुम्ही महाराष्ट्रात उतरलेले असता, आणि काठावरचे सोयरे चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

आता वेगाचे गणित. नेहमीच्या बांध्याच्या होडीचा वेग तिच्या पाण्यात बसलेल्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. २४ फुटांना साधारण साडेसहा नॉट, ३६ फुटांना आठ. त्याच घाटाची होडी दीडपट लांब केली तर वजन मात्र तिपटीच्या वर जाते. एवढा खर्च दीड नॉटसाठी, म्हणजे ताशी पावणेतीन किलोमीटरसाठी. इतकी घाई आदिलाबादेत कोणाला असते, हे आम्हाला कळलेले नाही.

घाईवाल्यांसाठी दाखला देतो. चार्ली दालँ या फ्रेंच खलाशाने २०२४-२५ च्या शर्यतीत ६० फुटी अत्याधुनिक होडीतून एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, दिवस लागले ६४. तीच गोष्ट जगात सर्वप्रथम केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. त्यांची ‘सुहेली’ ३२ फुटी, सागवानी, आणि बांधलेली मुंबईत. सागवान म्हटल्यावर आदिलाबादच्या माणसाची मान आपोआप ताठ होते, होऊ द्यावी. पण ते लाकूड आपल्याच जंगलातले होते असे विक्रेत्याला सांगू नये, भाव वाढवील.

२०१८ मध्ये ‘सुहेली’च्या १९६८-६९ मधल्या शर्यतीची आठवण म्हणून नवी शर्यत भरली. अट अशी की होडीचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा आणि लांबी ३२ ते ३६ फूट. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली ‘सुहेली’ची प्रतिकृती घेऊन उतरले, हिंदी महासागरातल्या वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. २०२३ मध्ये मात्र ते त्याच शर्यतीत तशाच जुन्या घाटाच्या ३६ फुटी होडीतून दुसरे आले. उलट नौदलाचेच दिलीप दोंदे २०१० मध्ये जगाला फेरी मारून आले ते ५६ फुटी ‘म्हादेई’तून, जी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. पुरावा दोन्ही बाजूंनी भक्कम असल्यामुळे सोयीचा तेवढा घ्यावा.

प्रत्यक्ष पारख करताना मात्र आदिलाबादकराने कोणाचे ऐकू नये. इथे तो जन्मजात तज्ज्ञ आहे. बाजार समितीत आपल्या कापसाला ओलावामापक लावतात, आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव तोडतात आणि बाराच्या वर परत पाठवतात. फायबरच्या जुन्या होडीच्या अंगालाही असाच ओलावामापक लावतात. इतकी वर्षे आपण यंत्राच्या या बाजूला उभे होतो, आता त्या बाजूला उभे राहावे आणि तोंड तितकेच वाकडे करावे. मग लाकडी दांड्याने होडीच्या अंगावर ठोकत जावे. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आतले थर सुटले आहेत. बैलबाजारात बैलाच्या पाठीवर थाप मारतो तशीच थाप मारावी, दात मोजू नयेत.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा राहिल्या. खिशातून कापसाचा पेळू काढावा आणि तारेवरून खालून वर फिरवावा. जिथे तंतू अडकेल तिथे तारेतला एक धागा तुटलेला आहे. समुद्राकाठचे लोकही हेच करतात, पण त्यांना कापूस विकत आणावा लागतो.

नव्या होडीत विजेवर फिरणाऱ्या चरख्या, डोलकाठीच्या पोटात गुंडाळले जाणारे शीड, फ्रीज आणि दोन संडास असतात. घरच्या मंडळींचे मत इथेच फिरते. त्यांना सांगावे की यातले काहीही बिघडले तर मोटार वाइंडिंगवाल्यालाच बोलवावे लागेल आणि तो ‘उद्या येतो’ म्हणेल. शिवाय चाळीस फुटी होडीची रुंदी चार मीटरच्या आसपास भरते आणि रस्त्यावरच्या वाहनाला २.६ मीटरची मर्यादा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून ती आणायची तर वेगळी परवानगी आणि पुढेमागे गाड्या लागतील. लहानगी ट्रेलरवर, डोलकाठी आडवी करून, रात्रीतून येते, शेजाऱ्यांना कळायच्या आत.

शेवटची सूचना पावतीबद्दल. होडी लहान असो की मोठी, शीड वेगळे घ्यावे आणि त्याच्या पावतीवर ‘कापूस झाकायची ताडपत्री’ असे लिहून आणावे. कोणी विचारले की ताडपत्रीला एवढी दोरी कशाला, तर आपल्याकडे वारा फार, असे सांगावे.