अर्धा दिवस किरकोळ रजा

जालन्यात राहून जलरंगांत चित्रं काढायची म्हणजे आधी घरात भांडण. गावाच्या नावातला पहिला काना काढला की 'जल-ना' उरतं, हा विनोद इथल्या प्रत्येकाने नळाची वाट बघता बघता एकदा तरी केलेला असतो. पैठणहून पाणी येतं, पण रोज यायची त्याला घाई नसते. नळ आला की पिंप, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवतात, आणि मग मी ब्रश धुवायला वाटीभर पाणी मागतो.

"त्या वाटीत दोन कप चहा होतो," बायको म्हणते.

मी तिला इंग्लंडातल्या चित्रकार टर्नरचं सांगतो. तिकडे आभाळच ब्रश धुऊन देत असेल.

"मग तिकडं बदली मागून घ्या."

बरं, पाणी मिळालं तरी मे महिन्यात कागद ओला राहायला तयार नसतो. निळा रंग डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावीकडचं आभाळ सुकून त्याला कडा पडलेली असते.

नोकरी परतूरला. रोज रेल्वेने जाणं-येणं. कचेरीत मी चित्रकार आहे हे सगळ्यांना माहीत आहे, हीच खरी अडचण. "तुमचं अक्षर चांगलं आहे" या वाक्याने माझी किती वर्षं खाल्ली! निरोप समारंभाचा फळा, मतदार जागृतीचे फलक, साहेबांच्या मुलीचा पर्यावरणाचा प्रकल्प, सत्यनारायणाच्या दिवशी रांगोळी. एकदा शिपायाने मोटारसायकलची नंबरप्लेट आणून दिली. 'दादा' असं वाचता येईल असे आकडे काढा म्हणाला. आणि पळस! तो फुलतो नेमका मार्च एंडला. ताळेबंद जुळवून मी मान वर करतो तेव्हा झाडाखाली फक्त पाचोळा असतो.

तर नोकरीमुळे कला राहून जाते, हे वाक्य मी वीस वर्षं बिनबोभाट वापरत आलो. ते बाद केलं आमच्याच जिल्ह्यातल्या एका कारकुनाने. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म 1913 चा, परतूर तालुक्यातल्या सातोन्याचा. तेव्हा ते परभणीत मोडायचं. 1981 मध्ये जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका आमच्या वाट्याला आला. हा माणूस निजामाच्या काळात बांधकाम खात्यात कारकुनी करत होता. ती करता करता 'आलाप आणि विलाप'मधल्या कविता लिहिल्या, 'आडगावचे चौधरी'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, कथा तर कितीतरी. 7 सप्टेंबर 1953 ला चाळिसाव्या वर्षी गेले, तेही कचेरीतच. माझ्याकडे त्यांच्याहून बारा वर्षं जास्त आहेत, 2020 पासून शनिवारही सुट्टीचा आहे, आणि पुरी झालेली चित्रं शून्य. सुरुवात मी उत्तम करतो. घरात अठरा आभाळं आहेत. खाली जमीन एकालाही नाही.

गेल्या डिसेंबरात गाडीत डोळा लागला. रांजणी गेल्याचं आठवतं, पारडगाव गेल्याचं आठवतं, परतूर आठवत नाही. जाग आली तेव्हा फलकावर 'सातोना' होतं. परतीच्या गाडीला तीन तास. साहेबांना फोन करून अर्धा दिवस किरकोळ रजा टाकली आणि स्टेशनबाहेर निघालो. थोडं चाललो तर मोसंबीची बाग, कडेला ठिबकची फुटकी नळी, तिच्यातून फुकट पाणी. बसलो पिशवी उघडून.

जालना–नांदेड महामार्गाच्या भूसंपादनाने आमच्याकडच्या लोकांची नजर अशी तयार झाली आहे, की शेताकडे बघत कागदावर रेघ मारणारा माणूस चित्रकार असेल असं कुणाला वाटतच नाही. पाच मिनिटांत मालक हजर.

"साहेब, आमच्या गटातून कितीक जातंय?"

"मामा, मी चित्र काढतोय."

"अगुदर सगळे असंच म्हणतेत." ते शेजारी उकिडवे बसले. "झाडं किती धरली?"

"पाच-सहा."

"अठ्ठावन्न हायेत."

"मागची इथून दिसत नाहीत."

"दिसत न्हाईत म्हणून त्याचे पैसे सोडू का?"

त्यांचंही बरोबरच होतं. मोबदला ठरताना प्रत्येक फळझाड मोजलं जातं. ते बोटाने दाखवत गेले, मी काढत गेलो. मागच्या ओळी पुढच्यांच्या डोक्यावर चढल्या, यथादर्शनाचे सगळे नियम बांधावर पडले. मग विहीर राहिली म्हणाले, काढली. तिच्यावरची मोटर काढली. गोठा पत्र्याचा असला तरी तो पक्का दाखवावा अशी सूचना आली, तीही पाळली. मधे एकदा उठलो तर त्यांनी खांदा दाबून खाली बसवलं. वीस वर्षांत माझ्या कलेवर इतकं बारीक लक्ष कुणी ठेवलं नव्हतं.

गाडीची वेळ झाली तेव्हा कागदावर बोटभर जागा शिल्लक नव्हती. आभाळ राहूनच गेलं. खाली सही केली. मामांनी सहीकडे निरखून पाहिलं, शिक्का कुठं दिसतो का तेही पाहिलं.

"याची नक्कल कवा भेटंल?"

"अर्ज करा," माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ दिवसांत मिळेल."