रकान्यांचे तीर्थोपाध्ये

सर्वेक्षणं करणाऱ्या प्रत्येक संस्थेत असे एक काका असतातच. चष्मा कपाळावर, खिशात दोन पेनं, काखेत कोडबुक, म्हणजे कुठल्या रकान्याचा अर्थ काय ते सांगणारी वही. नवी पोरं त्याला ‘डेटा डिक्शनरी’ म्हणतात. काकांनी तेही चालवून घेतलं, पण आधी नोंद करून. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये वही उघडून तुमचे खापरपणजोबा काढून दाखवतात, तसे काका कुठल्याही रकान्याची कुळी सांगतात: कुठल्या प्रश्नाच्या पोटी जन्मला, एकक काय, रिकामा असेल तर का रिकामा.

“९९ म्हणजे काय?” नव्या माणसाला पहिला प्रश्न हाच. तो म्हणतो, “नव्व्याण्णव.” संपलं! ९९ म्हणजे उत्तरच मिळालं नाही. हे ठाऊक नसलेल्या एका मुलाने सरासरी काढली, तर गावात घरटी अकरा शेळ्या निघाल्या. “यांना चारा तू घालणार?”

पण काकांचं खरं रूप पाहावं ते जमिनीच्या रकान्यापाशी. तिथे २.२० लिहिलेलं. मुलगा म्हणाला, “सव्वादोन एकराला जरा कमी.” काकांनी कप खाली ठेवला. शेतकऱ्याने तोंडी सांगितलं असेल, तर हे दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे झाले अडीच एकर. आणि आकडा सातबाऱ्यावरून उतरवला असेल, तर दोन हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर! “एका टिंबात तीन एकर गेली रे. भाऊबंदकीतसुद्धा एवढी जात नाही.”

जिल्ह्यांच्या क्रमांकांवर त्यांची माया. २०११ च्या जनगणनेत पुणे ५२१. पालघर तिथे शोधू नका. तो १ ऑगस्ट २०१४ चा. ही तारीख काका भाच्याच्या बारशासारखी सांगतात.

“लक्षात आहे की माझ्या,” असं कुणी म्हटलं, की मात्र आवाज चढतो. “आणि उद्या तू नोकरी सोडलीस म्हणजे?”

परवा एक जुनी फाइल उघडली. शेवटचा रकाना: ‘त_३_नवा’. कोडबुक काढलं. अर्थ, एकक, मर्यादा, तिन्ही जागी काकांच्याच वळणदार अक्षरात एकच नोंद: ‘मला विचारणे.’

विचारलं. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, नोंद दोनदा वाचली आणि म्हणाले, “आधी चहा सांगा.”