शिक्षणप्रेमी डिलिव्हरी हेड साहेबांस अनावृत पत्र

परमपूज्य डिलिव्हरी हेड साहेबांच्या सेवेशी,



आपल्या कंपनीत लहानमोठ्या सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची, असा आपलाच दंडक आहे. पण ज्यांच्या कृपेने आमच्या ईमेलमध्ये सहीपुढे ‘पीएमपी’ असं झळकू लागलं, त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही. म्हणून आज साहेबच म्हणतो. गोड मानून घ्यावं.

प्रथम आभार. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आपण ‘सर्टिफिकेशन’ हा रकाना घातलात आणि आम्हा प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींचा उद्धार केलात. त्याआधी आम्ही नुसतेच प्रोजेक्ट पार पाडत होतो. अडाणीच म्हणायचे.

पीएमपीच्या परीक्षेला बसायचं तर पदवीधराला तीन वर्षं प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, शिवाय 35 तासांचं रीतसर प्रशिक्षण. हे तास कुठून आणायचे, या आमच्या विवंचनेवर आपण चटकन तोड काढलीत. “शनिवार-रविवार आहेत की!” खरंच होते. आपण दाखवून देईपर्यंत आमच्या घरच्यांचा समज होता की ते दोन दिवस त्यांचे आहेत.

मी परीक्षा दिली तेव्हा 230 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे होते, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. लोक तिला अवघड म्हणतात. मला तशी वाटली नाही, कारण मला आपला सहवास लाभला होता. क्लायंटने परस्पर डेव्हलपरला गाठून नवं फीचर मागितलं, तर प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं? चार पर्याय. अशा वेळी आपण काय केलं असतं ते आठवायचं आणि तो पर्याय पहिल्यांदा खोडायचा. उरतात तीन. पैसे घेणाऱ्या एकाही क्लासवाल्याला ही युक्ती सांगता आली नसती.

आपल्या या विद्याप्रेमाचा उगम टेंडरमध्ये आहे, हे मला जरा उशिरा उमगलं. टेंडरमध्ये अट असते की प्रोजेक्ट मॅनेजर सर्टिफाइड हवा, आणि त्याच्या सीव्हीला मार्क असतात. आपण माझा सीव्ही मोठ्या प्रेमाने एकाच वेळी निरनिराळ्या टेंडरना जोडलात. त्यातला एक योगायोगाने माझ्या वाचनात आला. त्यात मला विमा, जलसंपदा आणि बंदरं अशा तिन्ही क्षेत्रांचा दहा-दहा वर्षांचा अनुभव आहे. माझी जन्मतारीख पाहता, मी बालवाडीत असल्यापासून एखादं बंदर सांभाळत असणार. काम पदरात पडलं की मी ‘अपरिहार्य कारणास्तव’ अनुपलब्ध होतो आणि माझ्या जागी बेंचवरचा एखादा पोरगा टाय लावून उभा राहतो. त्याला ना बंदर ठाऊक, ना मी.

या परीक्षेसोबत एक आचारसंहिताही येते. तिची मूल्यं चार: जबाबदारी, आदर, न्याय आणि प्रामाणिकपणा. अर्ज करतानाच ती मान्य करावी लागते. आपणही केव्हातरी केली असणार. आपल्या केबिनमध्ये फ्रेम लावलेली आहे म्हणून म्हणतो.

आता एस्टिमेटचं. अमेरिकेच्या नौदलाने 1958 च्या सुमारास पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. तिच्यातलं सूत्र आपणच आम्हाला शिकायला लावलंत: सगळं सुरळीत झालं तर लागणारे दिवस, एरवी लागणाऱ्या दिवसांची चौपट, आणि सगळंच फिसकटलं तर लागणारे दिवस, यांची बेरीज करून सहाने भागायचं. मी एका इंटिग्रेशनचा हिशेब घेऊन आपल्यासमोर बसलो होतो. सुरळीत झालं तर 20, एरवी 30, आणि समोरच्या बँकेने एपीआय वेळेवर दिला नाही तर 70. म्हणजे 20, 120 आणि 70 मिळून 210, भागिले सहा, 35 दिवस.

आपण चष्मा वर सरकवून एक्सेल शीटकडे पाहिलंत. 35 वरून आपली नजर निसटली. माउस हळूहळू डावीकडे गेला आणि 20 वर थांबला. तो चौकोन आपण पिवळा केलात. “हा आकडा छान आहे,” म्हणालात. मग थोडं थांबून, “पण क्लायंटला 18 सांगू.” क्षेपणास्त्र बनवणाऱ्यांना हे सुचलं नाही. त्यांच्याकडे सेल्स टीम नव्हती.

बँकेने एपीआय केव्हा दिला, ते इथे लिहीत नाही. क्लायंटचं पत्र आपल्या फायलीत आहेच.

काम मागे पडलं की ते पुढे ओढण्याचे दोन मार्ग परीक्षेच्या पुस्तकात आहेत. जास्त पैसा ओतायचा, नाहीतर एकामागून एक करायची कामं एकाच वेळी सुरू करून धोका पत्करायचा. आपण तिसरा शोधलात, ज्यात पैसाही लागत नाही आणि धोका दुसऱ्याच्या तब्येतीला असतो. परीक्षेत 42 टक्के प्रश्न माणसांविषयी होते: टीम कशी जपावी, तंटा कसा सोडवावा, कुणाला केव्हा मोकळं सोडावं. हा सगळा अभ्यासक्रम आपण रात्री नऊच्या पिझ्झ्यात बसवलात, तोही थंड झाल्यावर आलेल्या.

आणि ते पाच फ्रेशर! गो-लाइव्ह तोंडावर आलं असताना आपण माझ्या दहा जणांच्या टीमला आणखी पाच जण भेट दिलेत, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/360 चं प्रचंड काम सांभाळलं आणि 1975 साली पुस्तक लिहून सांगितलं की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. परीक्षेत याचं गणितही असतं. दहा माणसांत बोलण्याचे धागे 45, पंधरांत 105. आमच्या 105 धाग्यांपैकी बहुतेकांवर एकच संवाद चालू होता: “व्हीपीएन कसं सुरू करायचं?” पोरं गुणी होती हो. सिस्टीमला हात लावेपर्यंत गो-लाइव्हची तारीख उलटून गेली, एवढंच.

चेंज रिक्वेस्टचा फॉर्म मी बनवला तेव्हा आपण टाउनहॉलमध्ये सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटलीत. आजही कुठे खाजलं की ती थाप आठवते. त्याच आठवड्यात कॉलवर क्लायंट म्हणाला, “जुने रिपोर्टही नव्या सिस्टीममध्ये मराठीत दिसले पाहिजेत.” मी म्यूट काढून ‘इम्पॅक्ट तपासून सांगतो’ म्हणायच्या आत आपला आवाज आला, “छोटासा तर बदल आहे. करून टाकू, सर.”

छोटासाच होता. जुना डेटा युनिकोडमध्ये नव्हता, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या ऑपरेटरांनी वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार कुठेतरी शेवटी लटकत असतो. कन्व्हर्टर चालवला की गावांची आणि माणसांची नावं ओळखू येईनात. शेवटी दोन मुली शेजारी शेजारी बसल्या. एक जुन्या प्रिंटआउटवरून नाव वाचायची, दुसरी स्क्रीनवर दुरुस्त करायची. चेंज रिक्वेस्टचा फॉर्म त्यांच्या समोरच पडलेला होता. प्रिंटआउट उडू नयेत म्हणून तो त्यांवर पसरून वर स्टेपलर ठेवला होता. फॉर्म अगदीच वाया गेला नाही.

परीक्षेच्या पुस्तकाच्या 2017 च्या सहाव्या आवृत्तीत 49 प्रक्रिया होत्या. 2021 च्या सातव्या आवृत्तीत भर आला 12 तत्त्वांवर. त्या लोकांना अजून खूप मजल मारायची आहे. आपण केव्हाच एका तत्त्वावर पोचला आहात: “मॅनेज कर ना यार.”

अजाइलच्या बाबतीतही आपण असेच द्रष्टे. दोन दिवसांचा कोर्स करून आलात आणि तिसऱ्या दिवसापासून आमचं डॉक्युमेंटेशन बंद झालं. 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्डला जमून अजाइलचा जाहीरनामा लिहिणाऱ्या सतरा जणांनी कागदपत्रं निरुपयोगी आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही. पण ते तिथे होते, आपण इथे आहात. स्क्रममध्ये रोजच्या बैठकीला पंधरा मिनिटांची मर्यादा आहे. आपली दीड तास चालते. मात्र उभ्यानेच हं, त्यात तडजोड नाही.

दर शुक्रवारी मी स्टेटस रिपोर्ट लाल रंगात पाठवतो. आपल्या हातून तो वर जाईपर्यंत हिरवा होतो. आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टला ‘कलिंगड’ म्हणतात, हे मी क्लासमध्ये ऐकलं. क्लासची फी त्याच दिवशी वसूल झाली असं मला वाटलं, कारण इतकी वर्षं मी जे सांभाळत होतो त्याला नाव मिळालं.

परीक्षेच्या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत ज्ञान जपण्यासाठी एक स्वतंत्र प्रक्रियाच घातलेली होती. काय चुकलं, काय जमलं, याची नोंद काम चालू असतानाच करत राहायची, म्हणजे पुढच्याला ठेच लागत नाही. या नोंदींची बैठक आपण आवर्जून घेता. मागच्या खेपेला मी पहिला मुद्दा लिहिला: एस्टिमेट कापलं गेलं. आपण प्रेमळपणे म्हणालात, “निगेटिव्ह नको, पॉझिटिव्ह लिही.” मी लिहिलं: एस्टिमेट बदलताना टीमने लवचिकता दाखवली. दुसरा मुद्दा, बदल तोंडी स्वीकारले. त्याचं झालं: क्लायंटशी घट्ट नातं. अर्ध्या तासात आमच्या प्रोजेक्टमध्ये चूक म्हणून काही उरलीच नाही. आता पुढचा प्रोजेक्ट त्याच फाइलवरून चालू आहे.

आणि आपण स्वतःही शिकणं थांबवलेलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. सर्टिफिकेट जिवंत ठेवायचं तर तीन वर्षांत 60 पीडीयू जमवायचे, तासाला एक. त्यातले किमान 35 शिकण्यातून यावे लागतात. नियम करणाऱ्यांचा रोजच्या नोकरीवर फारसा विश्वास दिसत नाही. तीन वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून राबलात तरी तिचे फार तर आठ. पण आपण डगमगत नाही. लॅपटॉपवर वेबिनार लावता, आवाज बंद करता आणि निघून जाता. परवा ‘समोरच्याचं कसं ऐकावं’ या विषयावर कुणी बाई स्क्रीनवर तळमळून बोलत होत्या. मी फायलीवर सही घ्यायला आलो होतो. केबिनमध्ये त्या, आपली खुर्ची आणि मी. तो तास आपल्या नावावर जमा झाला असेलच. दहा मिनिटं मी उभा होतो, तेवढी माझ्या खात्यावर वळवता आली तर पाहावं.

आमचं म्हणाल तर आम्ही पॉडकास्ट ऐकतो, त्याचेही पीडीयू मिळतात. वाकडच्या पुलापासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत कंपनीची बस ज्या गतीने जाते, ती पाहता सर्टिफिकेट कधी संपेल अशी भीती नाही.

आता थोडं कामाचं. परीक्षेच्या फीचा परतावा अजून आपल्याकडे अडकला आहे. आधी पास व्हायचं, मग पैसे मागायचे, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ते परत करायचे, या तिन्ही अटी मी पाळल्या आहेत. पावती जोडली, सर्टिफिकेट जोडलं, रद्द केलेला चेकही जोडला. तरी फॉर्म दोनदा परत आला. शेरा एकच: अनुक्रमांक सात अपूर्ण.

अनुक्रमांक सात आहे, ‘या प्रशिक्षणाचा उपयोग आपण चालू प्रोजेक्टमध्ये कसा केला, ते उदाहरणासह लिहा. रिपोर्टिंग मॅनेजरने खात्री करून सही करावी.’ मी खूप विचार केला, साहेब. रिपोर्टिंग मॅनेजर आपणच आहात आणि खात्री आपल्यालाच करायची आहे. तर तेवढं उदाहरण आपणच घालावं आणि महिनाअखेरच्या आत फॉर्म अकाउंट्सकडे पाठवावा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक प्रमाणित प्रोजेक्ट मॅनेजर
(सध्या एका बंदरावर)