वैयक्तिक कारणास्तव

परिचारिका नोकरी सोडते तेव्हा राजीनाम्यात एकच ओळ लिहिते: 'वैयक्तिक कारणास्तव'. प्रशासनाला ही ओळ फार आवडते. चौकशी नको, खुलासा नको, फाइल बंद.

आता ही कारणं किती वैयक्तिक असतात ते पाहा. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक म्हणतं, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला एकच सिस्टर चाळीस पेशंट बघते, अशी कुरकुर असते. पण त्यांतले कितीतरी जमिनीवर असतात, आणि जमिनीवरची गादी म्हणजे काही खाट नव्हे! दोन खाटांच्या फटीत झोपलेला माणूस कागदोपत्री आजारीच नसतो. त्याला सलाईन लावणं ही सिस्टरची हौस.

मारहाण तर अगदीच खासगी बाब. तिच्यासाठी राज्यात 2010 पासून कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. तसा फलकही भिंतीवर असतो. डॉक्टर राउंड उरकून गेलेले, औषध संपलेलं, बाहेरून आणायची चिठ्ठी हातात. अशा वेळी नातेवाइकांना सापडते ती सिस्टर. तिनं शांतपणे फलकाकडे बोट दाखवावं. हात मोकळा असेल तर.

पगाराचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं सुचवलं, 50 खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही निदान 20 हजार द्या. ही शिफारस आहे, सक्ती नाही, एवढं मात्र अनेक मालकांनी बारकाईनं वाचलं. काही जण सिस्टरची मूळ प्रमाणपत्रं कपाटात कुलूपबंद ठेवतात. कागदाची काळजी घ्यावी ती अशी.

आणि सन्मान? 22 मार्च 2020 ला आपण थाळ्या वाजवल्या. 3 मे ला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. (नंतर ती कोणी झाडली, विचारू नये.) दरवर्षी 12 मे ला, परिचारिका दिनी, दिवे लावून भाषणं होतात, ती ऐकायला रात्रपाळी करून आलेल्यांनाच बसवतात. जेवायची सुट्टी तेवढी राहून गेली. तिला हेलिकॉप्टर लागत नाही ना!

सरकार मात्र दूरदृष्टीचं. जुलै 2025 मध्ये परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध आझाद मैदानात बसल्या. त्याआधीच, 2024 साली, राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार करून ठेवला होता. त्यात परिचारिकाही आल्या. इथली रिकामी पदं भरायला वित्त विभागाची मंजुरी लागते. तिथली भरायला विमानाचं तिकीट पुरतं.

राजीनामे रोखायला आमची एक नम्र सूचना: अर्ज तीन प्रतींत घ्यावा आणि त्यावर वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरची सही सक्तीची करावी. त्या आल्या की करतील. सध्या जर्मनच्या क्लासला गेल्यात.