सेक्रेटरीसाहेब, मशीन आजही सुरू झाले नाही

मा. सेक्रेटरीसाहेब,


सोसायटीच्या बागेसाठी आपण 22 इंची पात्याचे, पेट्रोलचे आणि ढकलावे न लागता आपले आपण पुढे जाणारे लॉनमोअर घेतलेत, त्याबद्दल प्रथम जाहीर अभिनंदन. आपली हिरवळ 30 फूट बाय 20 फूट. अकरा फेऱ्यांत ती संपते, आणि वळायला जागा नसल्याने बारावी फेरी मोगऱ्याच्या वाफ्यातून जाते. वाटीभर दाण्याच्या कुटासाठी घरात पिठाची गिरणी बसवावी, तशी ही खरेदी आहे. पण जनरल बॉडीत आपण ‘एकदाच घ्यायचे तर चांगले घेऊ’ म्हणालात आणि पुढचे सगळे चहा यायच्या आत मंजूर झाले.

आपण राहतो मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून. पहाटे तिकडे टेम्पो लागतात, मेथी-कोथिंबिरीचा भाव शेकडा जुडीने फुटतो, आणि गणपती जवळ आले की फुलबाजारात दूर्वांचे ढीग पडतात. त्या दूर्वा म्हणजे हरळी. आपण हौसेने अंथरलेले कार्पेट लॉन ह्याच हरळीने कधीच गिळले. उरलेल्या जागेत लव्हाळा आहे. म्हणजे भिंतीपलीकडे जी हरळी विकून कुणाच्या हाती चार पैसे येतात, ती भिंतीअलीकडे कापायला आपण पैसे मोजतो आणि बारदानात भरून ओल्या कचऱ्यात देतो. माल घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला हे एकदा सांगून बघा. शेतातली हरळी खणून काढता काढता ज्याच्या आज्याची कंबर मोडली, तो आपले मशीन बघायला नक्की येईल. त्या दिवशी तरी ते सुरू व्हावे.

आता मशिनाच्या आजारपणाविषयी. दिवाळीत टाकीत राहिलेले पेट्रोल आपण वाया न घालवता जूनपर्यंत जपून ठेवलेत. काटकसर म्हणून ठीक. पण हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच साखर कारखान्यांतून आलेले. ते हवेतला ओलावा ओढून घेते. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर राहतो आणि कार्बोरेटरच्या जेटचे सुईच्या टोकाएवढे भोक बुजते. लहान इंजिनांच्या बऱ्याच कंपन्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के छापतात. पुस्तिका आपल्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी सुरक्षित. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. आपण त्याऐवजी स्कूटरच्या मेकॅनिकला बोलावलेत. त्याने प्लग बदलला. पुन्हा बोलावलेत, त्याने पुन्हा प्लग बदलला. बिचाऱ्याला तेवढेच येते, आणि बिलही तेवढ्याचेच लागते.

मग पेट्रोल ताजे भरले आणि खरोखर चमत्कार झाला. मशीन सुरू झाले. आपण स्वतः हाती घेतलेत. कडेच्या पेव्हर ब्लॉकवर पाते खणकन आपटले, ते मी खिडकीतून पाहिले. त्यानंतर दोरी ओढली की ती हाताला उलटा हिसका देते आणि इंजिन फटफट करून गप्प बसते. आपले निदान : ‘कंप्रेशन गेले, इंजिन खोलावे लागेल.’ साहेब, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांच्या मध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान, मऊ धातूची एक चावी असते. पाते दगडाला अडले की धक्का खाऊन ती तुटते किंवा सरकते, आणि ठिणगी भलत्याच वेळी पडू लागते. चावी बदलायची, पाते वाकले आहे का ते बघायचे. क्रँकशाफ्ट सरळ असेल तर एवढ्यावर भागते. खोलायचेच असेल तर आधी वरचे झाकण खोलू, इंजिन नंतर.

पाते बघण्यासाठी आपण मशीन आडवे केलेत, तेही एअर फिल्टर खाली येईल असे. ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरले. पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की बी विंगने महापालिकेची डासांची फवारणी समजून खिडक्या लावून घेतल्या. डास, अर्थात, गेले नाहीत. मशीन कलंडायचेच तर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर ठेवावी.

एका गोष्टीत मात्र मला गंमत करता येत नाही. हँडलवरची जी दांडी दाबून धरावी लागते, ती आपण यार्डातून आणलेल्या सुतळीने बांधून टाकलीत, हात दुखतो म्हणून. हात सुटला की पाते थांबावे, एवढ्यासाठीच ती दांडी आहे. ती सुतळी आजच कापा. आणि पात्याखाली अडकलेले गवत काढताना आधी प्लगची टोपी उपसून बाजूला करा. हाताने पाते फिरले तरी इंजिन सुरू होऊ शकते. माळीकाकांची बोटे सोसायटीच्या मालकीची नाहीत.

त्याच माळीकाकांना परवा विचारले, मशिनाला काय झालंय?

‘काही नाही साहेब. ह्याला पाना नको, धार पाहिजे.’

त्यांनी गवताचे एक पाते खुडून दाखवले. टोक कापलेले नव्हते, चघळल्यासारखे तुटून पांढरे पडले होते. बोथट पात्याची हीच खूण. एवढे बोलून ते विळा घेऊन कोपऱ्यात बसले आणि आपल्या मशिनाच्या सावलीत काम करू लागले.

पंपरूममध्ये जुने हाताने ढकलायचे मशीन पडले आहे, आठवते का? 1830 मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने गिरणीत कापडावरची लव भादरण्याचे यंत्र पाहून गवत कापायचे यंत्र काढले. आपले त्याच घराण्यातले. फिरत्या नळ्यावरची पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जातात आणि कात्रीसारखी कापतात. वर्तमानपत्राचा कपटा मध्ये धरून हळूच फिरवायचे. सगळीकडे स्वच्छ कापला गेला तर मशीन जुळले, नाहीतर स्क्रू पाव आटा फिरवायचा. सहाशे चौरस फुटांना हे पुरून उरते. पेट्रोलचे मशीन बंगल्याच्या मोठ्या आवारांना शोभते. वायरचे विजेचे स्वस्त पडते, पण लांबलचक बारीक एक्स्टेंशन लावले की मोटर तापते, आणि पावसात ओल्या गवतावर वायर ओढत फिरणे मी तरी करणार नाही. बॅटरीवाले छान, फक्त चार्जर कोणाच्या मीटरवर लागणार, ह्यावर आपली सोसायटी दोन वर्षे खाईल.

आणि कोणतेही मशीन असो, गवताची एक तृतीयांशाहून जास्त उंची एका वेळी उतरवू नये. आपण महिनाभर वाढू देता आणि मग हजामत करता; हरळी ते सोसते, नंतर आठवडाभर पिवळी पडून आपला निषेध नोंदवते.

जुन्या मशिनाला धार लावण्याचा माळीकाकांचा अर्ज कमिटीपुढे पडून आहे. तीन कोटेशन हवीत असा शेरा आपण मारलात. धारवाला एकच येतो, सायकलवर, आणि त्याच्याकडे लेटरहेड नाही.

दरम्यान पुढच्या सभेत आपण रोबोट लॉनमोअरचा ठराव मांडणार असल्याचे कळले. तो म्हणे रोज आपला आपण फिरतो आणि थोडेथोडे गवत कापतो. अवश्य मांडा. फक्त सूचक म्हणून माझे नाव घालू नये.

कळावे,
आपला,
बागेकडे खिडकी असलेला तळमजल्यावरचा एक सभासद