आहारआप्पा

जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक गल्लीत एक आहारआप्पा असतो. चार किलो वजन उतरलं, एवढंच त्याचं प्रमाणपत्र. मागच्या हिवाळ्यात तो 'भाजीपाला हेच अमृत' म्हणत भरीत पार्ट्या गाजवत होता. यंदा 'माणूस मुळात शिकारी' म्हणत काळ्या मसाल्याच्या मटणावर आला आहे. पक्ष बदलला, आवाज तोच. दोन्ही पक्षांना सांभाळून घेणारी तर्री मात्र त्याच्या भाषणात कधी येत नाही. भरीत शुद्ध शाकाहारी, पण सोबतीला तळलेल्या पुऱ्या. शेवभाजीतली शेवही तळलेलीच. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, मग ते वांग्यावर पडो की मटणावर.

आप्पा संशोधनाचे दाखलेही देतो, पण सोयीपुरते. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना कमी चरबीचा शाकाहार आणि कमी कर्बोदकांचा मांसाहार असे दोन्ही आहार दोन-दोन आठवडे पोटभर खायला घातले. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की शाकाहारावर माणसं मांसाहारापेक्षा रोज ५५० ते ७०० कॅलरी कमी खात होती. शाकाहारी आप्पा इथेच टाळी मागतो. वजन दोन्हीकडे उतरलं, हे पुढचं वाक्य तो वाचत नाही. त्याआधी २०१८ मध्ये ६०९ जणांवरचा वर्षभराचा प्रयोग आला होता. कमी चरबीवाले सरासरी ५.३ किलोंनी उतरले, कमी कर्बोदकंवाले ६ किलोंनी, फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळून भरपूर भाज्या खायला सांगितलं होतं, खरी मेख तिथे आहे.

'मग प्रथिनांचं काय?' असं मटणपक्ष विचारेल. ज्वारी आणि उडीद एकमेकांची उणीव भरून काढतात. या दोन्हींची कळण्याची भाकरी तेच करते. बी-१२ बाबत मात्र त्याचं म्हणणं रास्त आहे: दूध-दही-अंडी काहीच न खाणाऱ्याने पूरक गोळी घ्यावीच. 'आजोबा तर्री ओरपूनही काटक होते' हा आक्षेपही खरा, पण आजोबा दिवसभर औतामागे चालत. आप्पा पानटपरीवरही मोटरसायकलने जातो.

तरी प्रत्येक पक्षांतरात त्याचं वजन उतरतं, कारण नव्या उत्साहात चहातली साखर, फरसाण आणि दुसरी वाढ आपसूक सुटते. उत्साह ओसरला की तिन्ही परततात, मागोमाग किलोही. उतरल्याचं श्रेय पंथाला मिळतं. चढल्याचा दोष वहिनींच्या फोडणीला.