शंभराच्या आत

साताऱ्यात आमच्या गल्लीत कुणाचंही बिल कुठे अडलं की लोक अप्पांकडे येतात. ज्याने उभा जन्म बिलं अडवण्यात घालवला, त्यालाच ती कुठे अडतात हे ठाऊक असणार. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात असताना त्यांनी एका ग्रामसेवकाचं प्रवासभत्त्याचं बिल दोन किलोमीटरच्या फरकावरून परत पाठवलं होतं. तो बिचारा सायकलवरून रस्ता मोजून आला. अप्पा म्हणाले, "छान. आता अंतराचा दाखला जोड." लोकल फंडाचे ऑडिटर आले की बाकीच्यांच्या पोटात गोळा यायचा, अप्पांना माहेरचं माणूस आल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाच्या आयकर विवरणात 450 रुपये राहून गेले.

आर्थिक वर्ष 2023-24चं विवरण जुलैअखेर भरून झालं होतं. आधारचा ओटीपी टाकून त्याची पडताळणीही झाली होती. पुढे ऑगस्टमध्ये अप्पा सवयीने पासबुकाचा पुन्हा एकदा ताळमेळ घेत बसले. भिंग फिरवता फिरवता एका ओळीवर थबकले. पतसंस्थेचे पाच हजारांचे शेअर, त्यावर 9 टक्के लाभांश, रुपये 450. ओळ इतकी पुसट की कागदावर डाग पडलाय असं वाटावं. छपाई यंत्राची शाई संपत आली होती, यात आपला काही दोष नाही, असं अप्पा न विचारता सांगतात.

मग हिशेब झाला. जुन्या करप्रणालीत अप्पा वीस टक्क्यांच्या पायरीवर. 450चे 90, त्यावर चार टक्के उपकर, झाले 93 रुपये 60 पैसे. कलम 288बप्रमाणे दहाच्या पटीत आणले की पुन्हा 90. एवढं देणं.

"एआयएसमध्ये दिसतंय का?" मी विचारलं. खात्याच्या त्या वार्षिक माहिती विवरणात आपली बँक, आपले शेअर, आपले व्यवहार, सगळं आपल्याआधी जाऊन बसलेलं असतं.

"नाही ना! तेच तर." अप्पांचा चेहरा उजळला. "त्यांना माहीतच नाही. दिसत असतं तर मुकाट्याने भरले असते. आता प्रश्न तत्त्वाचा आहे."

सीएच्या ऑफिसातला मुलगा व्यवहारी निघाला. "अप्पा, सोडून द्या. सुधारित विवरणाची आमची फी पाचशे. शिवाय शंभराच्या आतलं देणं असलं तर खातं मागे लागत नाही, आणि शंभराच्या आतला परतावा असला तर देतही नाही."

या वाक्याने त्याने अप्पांना पुढच्या चार महिन्यांचं खाद्य पुरवलं. "म्हणजे बघ," भाजीच्या पिशवीसकट मला रस्त्यात अडवून ते म्हणाले, "त्यांनी माझे नव्वद ठेवले तर तो नियम, आणि मी त्यांचे ठेवले तर ती चोरी?" मी म्हटलं, तर मग ठेवा. त्यावर दुखावल्यासारखे म्हणाले, "असं कसं? मी चोर आहे का?"

सुधारित विवरणाचं कलम 139(5) त्यांना तोंडपाठ झालं. स्वनिर्धारण कराचं चलन 280 क्रमांकाचं आणि त्यात मायनर हेड 300. हेड हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज अजूनही ऑफिसातल्यासारखा होतो. "तीनशे नंबरच्या हेडखाली नव्वद रुपये," ते स्वतःशीच पुटपुटायचे आणि समाधानाने चहा प्यायचे. दुसऱ्या दिवशी मात्र भीती. आपण होऊन सुधारणा केली तर वर बसलेल्याला वाटेल, आणखी काहीतरी दडवलेलं असणार. जुन्या फायली निघतील. काकूंचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं, "अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण काकूंची टिपणी अप्पांनी कधी नस्तीला लावून घेतलेली नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच दिवाळीआधी अप्पांनी न्हाणीघराच्या फरशा बदलल्या. दुकानदाराने विचारलं, "पक्कं बिल करू का? अठरा टक्के जीएसटी लागेल." अप्पा म्हणाले, "कच्चंच द्या." मी शेजारी उभा होतो. परतताना विषय काढला तर म्हणाले, "तो वेगळा कर. तो दुकानदाराने भरायचा असतो." आवाजात किंतु नव्हता. मला वाटतं, अप्पांची सदसद्विवेकबुद्धी छापील फॉर्मवरच चालते. जिथे रकाना आहे तिथे ती डोळ्यांत तेल घालून बसते. जिथे रकाना नाही तिथे तिची साप्ताहिक सुटी असते. आणि ही केवळ अप्पांची गोष्ट असती तर लिहायला बसलो नसतो. इन्कम टॅक्सच्या गप्पा निघाल्या की आमच्या अख्ख्या गल्लीत हरिश्चंद्र संचारतो, आणि गल्लीतल्या एकाही घराला पक्क्या बिलाच्या फरशा नाहीत.

सुधारित विवरणाची मुदत 31 डिसेंबर 2024. त्या संध्याकाळी अप्पांचा निर्णय झाला. नातीने लॅपटॉप उघडला. मूळ विवरणाचा पंधरा आकडी पावती क्रमांक अप्पांनी तीन-तीन आकडे तोडून वाचून दाखवला, तिने टाकला. एवढ्यात तिच्या मोबाइलवर बातमी आली, मुदत 15 जानेवारीपर्यंत वाढली. कलम 87अची सवलत खात्याच्या सॉफ्टवेअरने काही करदात्यांना नाकारल्यावरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका होती. न्यायालयाने मुदत वाढवायला सांगितलं होतं. अप्पांचा त्या सवलतीशी काडीचा संबंध नव्हता. पण ते म्हणाले, "बंद कर तो लॅपटॉप. न्यायालयाने विचार करायला वेळ दिलाय, तर तो केला पाहिजे."

संक्रांत झाली. 15 जानेवारी उजाडली आणि मावळली. अप्पा तिळगूळ वाटत फिरत होते.

चूक दुरुस्त झाली असती तर त्यांनी संध्याकाळी कट्ट्यावर बोलायचं कशावर? निवृत्त माणसाला अनिर्णित प्रकरण लागतं. कुणी भाऊबंदकीचा दावा चालवतं, कुणी सोसायटीच्या पार्किंगचा. अप्पांच्या वाट्याला नव्वद रुपये आले होते आणि ते त्यांनी काटकसरीने पुरवले.

1 फेब्रुवारी 2025 ला अर्थसंकल्प होता. निर्मला सीतारामन यांनी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही असं सांगितलं तेव्हा अप्पांच्या मुलाने टाळी वाजवली. अप्पा गप्प. मग सुधारणेची मुदत हुकलेल्यांना जादा कर देऊन अद्ययावत विवरण भरण्याची मुदत दोनाची चार वर्षं होणार असं कळलं आणि अप्पा खुर्चीतून उठले. त्याच रात्री पाठकोऱ्या कागदावर तक्ता तयार झाला. पहिल्या वर्षी पंचवीस टक्के जादा, दुसऱ्या वर्षी पन्नास, मग साठ, मग सत्तर. 90चे पंचवीस टक्के जादा धरून 112 रुपये 50 पैसे.

"शंभराच्या वर गेलं बघ," तक्ता माझ्यापुढे धरून ते म्हणाले. "आता दखल घ्यावीच लागेल त्यांना."

"मग भरणार?"

"मार्च 2029 पर्यंत वेळ आहे," अप्पा म्हणाले आणि जरा जवळ सरकले. "ते राहू दे. पतसंस्थेने वार्षिक सभेत सभासदांना स्टीलची बरणी दिली ना, तिची किंमत कुठल्या रकान्यात दाखवायची?"